कोकणात सजावटीचं लाकूड निवडताना: नव्याने हात घालणाऱ्यांसाठी

मे महिन्यात अगदी बेतात बसवलेलं दार जुलैत चौकटीला अडकायला लागतं, आणि गणपतीला गावी आलेला चाकरमानी ते खांदा लावून उघडतो. कपाटाचे खण ओढता ओढत नाहीत. दिवाळी सरली की तेच दार पुन्हा सैल. कोकणात लाकूड दर वर्षी एकदा फुगतं आणि एकदा आक्रसतं; इथल्या कामाचा पाया हाच आहे. रंग, रेषा, चकाकी यांची भुरळ पडते आणि पडावीच, त्यासाठीच तर आपण सनमायका सोडून खऱ्या लाकडाकडे वळतो. पण निवडताना पहिला प्रश्न ‘ही वस्तू बसणार कुठे’ हा विचारला, तर पुढचे निम्मे घोळ टळतात.

देव्हारा, पाट, झोपाळा, जेवणाचं टेबल, बैठकीच्या खोलीतलं एखादं दार अशी कामं स्वतः करू पाहणाऱ्यांसाठी किंवा सुताराकडून जाणतेपणाने करून घेणाऱ्यांसाठी हा लेख आहे. इमारती लाकडाचा संपूर्ण विषय यात मावणार नाही.

पहिली पायरी: जागा ठरवा

घरात तीन प्रकारच्या जागा असतात. एक, जिथे पावसाचा थेट मारा बसतो: बाहेरचं दार, खिडक्यांची बाहेरची बाजू, अंगणातलं बाकडं. दुसरी, पडवी किंवा ओटी. तिथे पाणी पडत नाही, पण आषाढात भिंतीला हात लावला तर ओल जाणवते. तिसरी, आतली माजघरासारखी कोरडी जागा. हल्ली चौथीही धरावी लागते, ती म्हणजे एसी लावलेली खोली. तिथे हवा कोरडी, दाराबाहेर ओलसर, आणि त्या दोन हवांच्या मधलं दार एका बाजूने वाकतं.

पहिल्या जागेसाठी सागाचा किंवा ऐनाचा निव्वळ गाभा, म्हणजे खोडाच्या आतला गडद भाग, हवा. आंबा, शिरीष, पांगारा ही तिथली लाकडं नव्हेत, कितीही पॉलिश चढवा. दुसऱ्या जागेत फणस, किंजळ, आकेशिया चालतात. तिसऱ्या जागेत मात्र मन मोकळं सोडता येतं. समुद्र घरापासून हाकेच्या अंतरावर असेल तर खारा वारा लाकडापेक्षा लोखंडालाच जास्त खातो, म्हणून खिळे, स्क्रू, बिजागऱ्या पितळेच्या किंवा ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलच्या घ्याव्यात. ऐन आणि खैर यांत टॅनिन नावाचं तुरट द्रव्य भरपूर असतं. लोखंडी खिळ्याभोवती ओल आली की लाकूड निळं-काळं पडतं आणि तो डाग रंधा मारूनही पूर्ण जात नाही.

दुसरी पायरी: लाकडांची ओळख

सागापासून सुरुवात करावी, कारण बाकी सगळ्यांना आपण त्याच्याच मापाने मोजतो. सोनेरी-तपकिरी गाभा, स्पष्ट दिसणारी वाढीची वर्तुळं, हाताला किंचित तेलकट लागणारा पृष्ठभाग. वाळलेल्या सागाचा एक घनफूट साधारण १८ ते १९ किलो भरतो (पाण्याचा घनफूट २८ किलोंहून थोडा जास्त). सागाचं मोठेपण त्याच्या ताकदीपेक्षा त्याच्या शांतपणात आहे. ओल्याचा अगदी कोरडा होईपर्यंत तो गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या दिशेने अडीच टक्क्यांच्या आसपास आणि वर्तुळांच्या दिशेने पाच-सहा टक्के आक्रसतो, लांबीत जवळजवळ नाहीच. नैसर्गिक तेलं आणि टेक्टोक्विनोन नावाचं द्रव्य यांच्यामुळे वाळवी त्याच्या गाभ्याला सहसा तोंड लावत नाही. मुंबईच्या गोदीत बांधून १८१७ साली पाण्यात उतरवलेलं ‘ट्रिंकोमाली’ हे सागवानी जहाज आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतं आहे. दोनशे वर्षं पाण्यात काढणाऱ्या लाकडाबद्दल याहून जास्त काय सांगावं! त्याचा एकच त्रास: लाकडात सिलिका असते, त्यामुळे रंध्याचं पातं आणि करवतीचे दात लवकर बोथट होतात.

पण हे सगळं गुणगान गाभ्याचं आहे. गाभ्याबाहेरच्या फिकट, पांढुरक्या भागाला वाळवी आणि भुंगा दोन्ही आनंदाने खातात. बाजारात ‘सीपी’ म्हणून मिळणारा चंद्रपूर-गडचिरोलीकडचा साग, वलसाडी साग, बर्मा साग आणि परदेशी लागवडीतला ‘इंपोर्टेड’ साग अशी नावं ऐकू येतील. नावापेक्षा तुकडा पाहा. लवकर तोडलेल्या झाडाच्या फळीत दोन्ही कडांना पांढुरक्या पट्ट्या रुंद असतात, आणि वरून डाय लावलेला असेल तर त्या दिसत नाहीत.

शिसव हे आपल्या सह्याद्रीतलं खरं राजस लाकूड. गडद तपकिरी, त्यात जांभळट झाक आणि काळ्या रेघा. ताजं कापलं की मंद गोडसर वास सुटतो. घनफुटाला २३-२४ किलो, म्हणजे हातात घेताक्षणी कळतं. कोरीव कामाला बारीक धार धरतं, पॉलिशला आरशासारखं चमकतं. देव्हाऱ्याचे खांब, पेटाऱ्यांची झाकणं, तबल्याचं खोड, जुन्या वाड्यांतल्या खुर्च्या यांत ते दिसतं. दुकानात ‘शीसम’ म्हणून जे उत्तरेकडचं फर्निचर मिळतं ते याचं भावंड आहे, पण वेगळं झाड. त्याचा रंग सोनेरी तपकिरी आणि फिकट, जांभळी झाक त्यात नसते. विक्रेता दोन्ही नावं एकाच दमात घेत असेल तर तुकड्याची एक कड रंध्याने खरवडून पाहू द्या म्हणावं. शिसवाचं झाड हळू वाढतं आणि जंगलात आता धोक्यात आलेल्या जातींत त्याची गणना होते, म्हणून माझं प्रामाणिक मत असं: नव्या माणसाने पूर्ण टेबल शिसवाचं करू नये. मुठी, पट्ट्या, जडावकाम, एखादी पेटी एवढ्यातच त्याचं सौंदर्य जास्त खुलतं.

फणसावर माझं विशेष प्रेम आहे. ताजा कापला तर तो इतका पिवळाधमक असतो की नवख्याला रंग दिल्यासारखा वाटतो. उजेडात ठेवला की काही महिन्यांत तो मधासारखा होतो आणि वर्षांनंतर तांबूस तपकिरी. म्हणून फणसाच्या वस्तूवर फुलदाणी किंवा कापड एकाच जागी ठेवू नका, खाली फिकट ठसा राहतो. सुरुवातीचे काही महिने वस्तू फिरवत ठेवावी. वजनाला सागाच्या जवळपास किंवा जरा हलका, वाळवीला बऱ्यापैकी दाद न देणारा, आणि वाजतोही सुंदर: दक्षिणेतल्या वीणा आणि मृदंग फणसाच्या लाकडातून घडतात. कोकणात घरोघरी फणस आहे, तरी दार करायचं म्हटलं की लोक साग आणायला शहरात जातात, याचं मला वाईट वाटतं. परसातला जुना फणस पडला असेल तर तो जळणाला देण्याआधी ओंडका चिरून पाहा.

ऐन आणि किंजळ ही घराचा भार पेलणारी लाकडं. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली, लाकूड गडद तपकिरी, कधी त्यात काळ्या लाटा. सजावटीच्या विनियरच्या (प्लायवर चिकटवायच्या लाकडाच्या पातळ पापुद्र्याच्या) बाजारात अशा लाटांच्या ऐनाला चांगली किंमत येते, आणि आपण मात्र त्याला फक्त वाशांचं लाकूड समजतो. घनफुटाला २४ किलोंच्या आसपास. घाईने वाळवला तर तो हमखास चिरतो, तेवढं सांभाळा. किंजळ त्याचाच नातलग, जरा हलका. जुन्या कौलारू घरांचे वासे आणि चौकटी पाहिल्यात तर त्यात तो सापडेल. नाणा आणि बिबला हीसुद्धा इथली चांगली लाकडं. बिबल्याचा तुकडा पाण्यात ठेवला तर पाण्याला उजेडात निळसर झाक येते. ओळखीची ही सोपी खूण आहे.

शिवण हलकी, घनफुटाला १४ किलोंच्या आसपास, फिकट दुधी-पिवळी, आणि एकदा वाळली की फारशी हलत नाही. पाट, देव्हारा, पेटी यांसाठी हे शिकाऊ माणसाचं सर्वांत मायाळू लाकूड. पटाशी त्यात सहज चालते. रेषा मात्र साध्या असतात.

आंब्याच्या लाकडात नक्षी विलक्षण असते: गुलाबी, राखाडी, कधी काळ्या शिरा. पण ओलं लाकूड पावसाळ्यात पडून राहिलं तर बुरशीने निळं पडतं, आणि वाळल्यावर त्यात बारीक भोकं पाडणारा भुंगा शिरतो. फर्निचरखाली पिठासारखी पांढरी भुकटी दिसली की समजावं. औषध न दिलेला आंबा घरात आणू नये. शिरिषाच्या रुंद फळ्यांनाही हेच लागू.

आणि आकेशिया. सरकारी वनीकरणात जांभ्याच्या उघड्या सड्यांवर लावलेलं हे ऑस्ट्रेलियन झाड आपल्याकडे जळणाचं म्हणूनच ओळखलं जातं. आग्नेय आशियात त्याचं फर्निचर होतं. गाभा सुरेख तपकिरी, कठीण, पॉलिश उत्तम धरणारा. खोड वाकडं असल्यामुळे लांब फळ्या मिळत नाहीत, पण स्टुलाला, ट्रेला, लहान टेबलाला लांबी लागते कुठे? शिकण्यासाठी याहून स्वस्त आणि देखणं लाकूड कोकणात मला माहीत नाही.

खैर लालभडक, पाण्यात बुडेल इतका जड. मुसळ, खुंट्या, अवजारांच्या मुठी याच त्याच्या जागा. पांगारा दुसऱ्या टोकाचा, घनफुटाला आठ-नऊ किलो. सावंतवाडीच्या चितारआळीतली लाकडी फळं अशा हलक्या लाकडातून घडतात, त्यावर बसण्याचं काही करू नये. माडाच्या खोडाचा बाहेरचा कडक भाग ठिपक्याठिपक्यांचा सुंदर दिसतो, पण आतला मऊ भाग काढून टाकावा लागतो. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन-दापोली पट्ट्यात माड, आंबे, फणस आडवे झाले, पुढच्या वर्षी मेमध्ये तौक्ते आलं. अशा पडझडीनंतर गावात विचारणा ठेवणं हा चांगलं लाकूड मिळवण्याचा रास्त मार्ग आहे. तसाच दुसरा मार्ग मोडलेल्या जुन्या घरांचा. पन्नास-साठ पावसाळे पाहिलेला वासा नव्या लाकडापेक्षा कितीतरी शांत असतो. फक्त करवतीखाली घालण्याआधी चुंबक फिरवून खिळे शोधा.

तिसरी पायरी: वखारीत काय पाहायचं

उजेडात जा, संध्याकाळी नको. फळीचं टोक पाहा, कारण फळीच्या रुंद बाजूपेक्षा टोक जास्त खरं बोलतं. वर्तुळं किती, गाभा किती, मधोमध भेग आहे का हे तिथेच दिसतं. टोकाला रंग फासलेला असेल तर पातळ चकती कापायला सांगा. ओल्या फडक्याने फळी पुसा: पॉलिशनंतर साधारण तसाच रंग दिसेल. फळी डोळ्यासमोर धरून एका टोकाकडून दुसऱ्याकडे नजर टाका, म्हणजे पीळ आणि बाक कळतो. एकाच मापाच्या दोन फळ्या हातात तोलून बघा. त्यातली एक बरीच जड असेल तर बहुतेक ती ओली आहे.

चिरण्याच्या दिशेवरही लक्ष द्या. ओंडक्याच्या मध्यातून सालीकडे चिरलेल्या फळीवर सरळ समांतर रेषा दिसतात. ती कमी हलते, म्हणून दाराच्या चौकटीला आणि खणांच्या कडांना घ्यावी. ओंडक्याच्या कडेने चिरलेल्या फळीवर एकात एक डोंगर दिसतात. टेबलाच्या पृष्ठभागावर ती शोभते, पण रुंदीत जास्त फुगते आणि वाटीसारखी वळू पाहते.

प्लाय आणि विनियर घेणार असाल तर थोडक्यात एवढंच. स्वयंपाकघर, न्हाणीघर यांसाठी आयएस ७१० शिक्क्याचा मरीन प्लाय घ्या, आणि विनियर एका बाजूला चिकटवलं तर दुसऱ्या बाजूलाही तेवढ्याच जाडीचं काहीतरी चिकटवा. एकाच बाजूला लावलेला पल्ला कोकणात हमखास वाकतो.

चौथी पायरी: माप आणि कागद

लाकूड घनफुटात विकलं जातं. चिरलेल्या फळीचा हिशेब असा: लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत, तिन्हींचा गुणाकार करून १४४ ने भागा. आठ फूट लांब, नऊ इंच रुंद, दोन इंच जाड फळी म्हणजे ८ × ९ × २ भागिले १४४, बरोबर एक घनफूट. ओंडक्याचा हिशेब वेगळा. मध्यावरचा घेर इंचांत घ्या, त्याला चारने भागा, आलेल्या आकड्याचा वर्ग करा, लांबीने गुणा आणि १४४ ने भागा. घेर ४० इंच आणि लांबी ९ फूट असेल तर १० × १० × ९ भागिले १४४, म्हणजे सव्वासहा घनफूट. ही रीत ओंडक्याचं खरं आकारमान पूर्ण मोजत नाही, सुमारे ७८ टक्केच धरते. चिरताना कडा वाया जातात त्याची ती सूट आहे. विक्रेता कोणत्या रीतीने मोजतो हे भाव ठरवण्याआधी विचारा.

कागदांच्या बाबतीत आळस करू नका. महाराष्ट्रात झाडं तोडण्याच्या नियमनासाठी १९६४ चा कायदा आहे आणि त्याच्या यादीत साग, खैर, ऐन, किंजळ, जांभूळ यांच्याबरोबर आंबा आणि फणसही आहेत. झाड आपल्या परसातलं असलं तरी तोडण्याआधी वनखात्याच्या स्थानिक कार्यालयात विचारून परवानगी घ्यावी, आणि ओंडका गाडीत चढवण्याआधी वाहतूक पास लागतो का तेही तिथेच विचारावं. खारफुटीला तर हातच लावायचा नाही. वखारीतून घेताना पक्कं बिल मागा. शिसव ज्या प्रजातीतला आहे ती डॅल्बर्जिया प्रजाती २०१७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या सायटिस करारातल्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, म्हणून परदेशातल्या नातेवाईकाला शिसवाची वस्तू पाठवायची असेल तर आधी नियम विचारून घ्या.

पाचवी पायरी: वाळवणं

संपूर्ण लेखातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची तर ही ठेवा. चांगलं लाकूड वाईट वाळवलं तर ते वाईट लाकूड होतं, आणि साधं लाकूड नीट वाळवलं तर तीस वर्षं बिनतक्रार राहतं.

लाकडातली ओल दोन टप्प्यांत जाते. आधी पोकळ्यांमधलं मोकळं पाणी निघून जातं, त्यात लाकूड फारसं हलत नाही. ओल तीस टक्क्यांच्या खाली आली की पेशींच्या भिंतींतलं पाणी जायला लागतं आणि तेव्हा आक्रसणं सुरू होतं. शेवटी लाकूड हवेशी जुळवून घेतं. कोकणात उन्हाळ्याअखेरीस ही पातळी बारा टक्क्यांच्या जवळ आणि ऐन पावसाळ्यात सतरा-अठरा टक्क्यांपर्यंत असते. या फरकाने सागाची एक फूट रुंद फळी दोन-तीन मिलिमीटर रुंद होते. दार अडकायला एवढं पुरतं. म्हणून फर्निचरसाठी बारा ते चौदा टक्के ओल असलेलं लाकूड वापरावं. भट्टीत आठ टक्क्यांवर आणलेलं लाकूड शहरातल्या एसी दालनात शोभेल, इथल्या पडवीत ते फुगेल.

झाड पावसाळ्यात तोडू नये. दिवाळीनंतर तोडून लगेच चिरून घ्यावं, ओंडका पडून ठेवू नये. टोकांतून ओल फार वेगाने जाते आणि तिथूनच भेगा पडतात, म्हणून टोकांना तेलरंग किंवा मेण फासा. जुने लोक शेण-माती फासत, तेही त्याच कारणासाठी. मग सावलीत, वारा खेळेल अशा जागी चवड रचा: जमिनीपासून हातभर उंच, प्रत्येक थराच्या मध्ये एकसारख्या जाडीच्या पट्ट्या, आणि खालच्या-वरच्या पट्ट्या एका ओळंब्यात. पट्ट्या पुढेमागे झाल्या तर फळ्यांना त्या जागी कायमचा बाक येतो. वर दगड ठेवा, पत्र्याचं छप्पर घाला, बाजू मोकळ्या सोडा. ताडपत्रीत गुंडाळलेल्या लाकडाला बुरशीच येणार.

नोव्हेंबरात चिरलेल्या एक इंची साग किंवा शिवणीच्या फळ्या मेपर्यंत कामाला येतात. ऐनाच्या दोन इंची फळीला वर्षाहून जास्त द्या, आणि तिची चवड जरा आडोशाला लावा. वाळलं का हे ओळखायला मीटर मिळतं, पण घरातला वजनकाटाही पुरतो. एक छोटी फळी निवडून दर पंधरवड्याला तोला. वजन उतरायचं थांबलं की लाकूड हवेशी जुळलं. टक्केवारीच हवी असेल तर एक तुकडा तोलून ओव्हनमध्ये १०३ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवा. आधीचं वजन ११५ ग्रॅम आणि नंतरचं १०० ग्रॅम असेल तर ओल पंधरा टक्के.

लाकूड काही काळ पाण्यात बुडवून ठेवण्याची जुनी रीत आजही काही ठिकाणी पाळतात. त्यात तथ्य आहे: पिष्टमय द्रव्य धुऊन जातं आणि भुंग्याला खाणं उरत नाही. पण त्यासाठी गोड्या पाण्याचं तळं हवं. खाडीच्या खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारा जीव असतो, होडीवाल्यांना तो चांगलाच माहीत आहे. आंबा आणि शिरीष यांसाठी त्याहून सोपा उपाय बोरॅक्सचा. बोरॅक्स आणि बोरिक ॲसिड दीडास एक या प्रमाणात घेऊन, शंभर लिटर पाण्यात दोन्ही मिळून पाचेक किलो विरघळवा. ताज्या चिरलेल्या ओल्या फळ्या त्यात बुडवून काढा, दोन-तीन आठवडे झाकून ठेवा म्हणजे औषध आत झिरपेल, आणि मग वाळवायला लावा. हे औषध पावसात धुऊन जातं, त्यामुळे फक्त घरातल्या कामासाठी. मिसळताना हातमोजे घाला.

सहावी पायरी: जोडताना जागा सोडा

रुंदीच्या दिशेने लाकूड हलणारच. त्याला अडवायचं नसतं, जागा द्यायची असते. दाराच्या पल्ल्याच्या चौकटीत मधली फळी गोंदाने चिकटवू नका; खाचेत सैल सोडा आणि खाचेच्या तळाशी मोकळी जागा ठेवा. टेबलाचा पृष्ठभाग खालच्या चौकटीला स्क्रूने घट्ट न करता लंबगोल भोकांतून बांधा. नवं दार पावसाळ्याआधी बसवत असाल तर बाजूला फट जास्त ठेवा, पावसाळ्यात बसवत असाल तर कमी. गावातला अनुभवी सुतार हे न मोजता करतो. त्याच्याशेजारी बसून एक दार बसवताना पाहा. मी लिहून सांगण्यापेक्षा ते जास्त कळेल.

साग आणि शिसव तेलकट असल्यामुळे गोंद धरायला कुरकुर करतात. चिकटवण्याच्या थोडं आधी कडा रंध्याने ताजी करा आणि थिनरने पुसा. गोंद पाण्याला टिकणाराच घ्या. घासकाम करताना नाकावर चांगला मास्क हवा. शिसवाच्या आणि सागाच्या भुशाने अनेकांना अंगावर पुरळ येतं, दम लागतो.

सातवी पायरी: पॉलिश

चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून केलेलं फ्रेंच पॉलिश शिसवावर जे तेज आणतं ते दुसरं कशानेच येत नाही. पण ओला पेला ठेवला की पांढरा डाग पडतो, म्हणून ते देव्हाऱ्याला किंवा पेटीला द्यावं, टेबलाला नाही. टेबलाला पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं पॉलिश. रोज हाताळायच्या वस्तूंना जवसाचं तेल आणि मधमाशांचं मेण: पातळ हात, दहा-पंधरा मिनिटांनी पुसून घेणं, एक-दोन दिवस वाळू देणं, मग दुसरा हात. पावसाळ्यात वाळायला याहून बराच वेळ लागतो, घाई करू नका. तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका; जवसाचं तेल सुकताना गरम होतं आणि चुरगळलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. ती उघड्यावर पसरून वाळवा.

काजूच्या टरफलाचं तेल बाहेरच्या वाशांना आणि दाराच्या जमिनीलगतच्या भागाला आजही उत्तम रक्षण देतं. त्वचेला लागलं तर भाजल्यासारखी जखम होते, त्यामुळे हात, डोळे जपून. ते काळपट करतं, म्हणून जिथे रंग दिसायला हवा तिथे नको. आणि कोणतंही पॉलिश करा, वस्तूच्या खालच्या बाजूलाही तेवढेच हात द्या. वरून चकचकीत आणि खालून कोरी फळी एकाच बाजूने ओल पिते आणि वळते.

पहिलं काम: एक पाट

खुर्चीपासून सुरुवात करू नका. पाट करा. वीस इंच लांब, सोळा इंच रुंद, एक इंच जाड. शिवणीचा केलात तर फळीचं वजन अडीच किलोंच्या आसपास, शिसवाचा केलात तर सव्वाचारच्या वर. रोज उचलायच्या वस्तूत हा फरक जाणवतो. सोळा इंचांची एक फळी मिळाली तरी घेऊ नका. पाच-सहा इंचांच्या तीन फळ्या कडेला कड लावून जोडा, टोकांकडून पाहिल्यावर वर्तुळांची कमान एकीची वर तर दुसरीची खाली अशी ठेवा. गोंद लावून शिकंज्यात रात्रभर राहू द्या, मग आडव्या-तिडव्या रेघोट्या जाईपर्यंत रंधा मारा. पॉलिश पेपर ८० पासून २२० पर्यंत पुरे.

खालच्या दोन पट्ट्या फळ्यांच्या रेषांना आडव्या जातात, म्हणजे सोळा इंचांच्या दिशेने. इथेच नवखा पट्टी सगळीकडून घट्ट ठोकतो, आणि पहिल्या पावसाळ्यानंतर पाट मधोमध तडकतो, कारण त्या रुंदीत चारेक मिलिमीटरची हालचाल होते. पट्टी मधल्या स्क्रूने घट्ट करा. टोकांकडच्या स्क्रूंना रुंदीच्या दिशेने लांबट भोकं ठेवा, खाली वॉशर घाला, आणि पट्टीला गोंद अजिबात लावू नका. हात बसला की हेच काम माशाच्या शेपटीच्या आकाराच्या खाचेत पट्टी सरकवून, एकही स्क्रू न वापरता करता येतं.

श्रावणात पाटाची रुंदी मोजून खालच्या बाजूला पेन्सिलीने लिहा, एप्रिलमध्ये पुन्हा मोजा आणि पहिल्या आकड्याशेजारी लिहा. तुमच्या घरातल्या हवेत ते लाकूड किती हलतं याचा तो तुमचा आकडा. दार किंवा टेबल करायला घ्याल तेव्हा फटी त्यावरूनच ठरवा.